घासून ठेवलेले दात

आमच्या वहिनीला पेशंट डॉक्टर म्हणायचे. डॉक्टर मंडळी मात्र म्हणायची नाहीत. सरकारी दवाखान्यात चहाच्या वेळी हाडांचे, डोळ्यांचे, पोटाचे सगळे एका टेबलाभोवती बसत आणि वहिनी आत आली की कोणीतरी म्हणे, "या, दातवाल्या बाई आल्या." तिनंही त्यांच्याइतकाच अभ्यास केला होता, त्यांच्याप्रमाणेच प्रेतंही चिरली होती. पण दात म्हणजे काय, उपटला की संपला, अशी एकंदर समजूत.

घरीही फार वेगळं नव्हतं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहे. लग्न झालं त्या वर्षी तो पाहुण्यांना सांगायचा, "आमची ही दिवसभर दात काढते आणि वर सरकारकडून पगारही घेते." लोक हसायचे, वहिनीही हसायची. पुढे तिनं हसणं सोडलं. ती खरोखरच दिवसभर दात काढत होती, आणि तेवढंच करत होती.

मी इलेक्ट्रिशियन. म्हणून तिची खोली मला आतून ठाऊक आहे. एक दिवस तिनंच मला बोलावलं. "भाऊजी, खुर्चीवरचा दिवा गेलाय. अर्ज देऊन देऊन हात दुखले. तुम्ही येऊन बघता का?"

तळमजल्यावर जिन्याखाली ती खोली होती. पूर्वी तिथे प्लॅस्टर करायचे, भिंतींवर अजून पांढरे शिंतोडे होते. मधोमध दात तपासायची खुर्ची. ती मागे कलायची, पण वर व्हायची नाही. त्यामुळे वहिनीला कमरेतून वाकून, मान वाकडी करून उभं राहावं लागे. चूळ टाकायच्या भांड्याला पाणी नव्हतं, खाली प्लॅस्टिकची बादली. कॉम्प्रेसर बंद, म्हणजे दात कोरायचं यंत्र बंद. दिवा गेल्यापासून मदतनीस बाई एका हातात मोबाइलची बॅटरी धरायची आणि दुसऱ्या हातानं पेशंटचा जबडा.

"दात भरायचं सामान कुठे असतं?" मी सहज विचारलं.

"असतं ना, दुकानात," वहिनी म्हणाली. "इथे भुलीचं इंजेक्शन असतं आणि पक्कड असते. त्यात जे बसेल ते करायचं."

बाहेर गालाला हात लावून बसलेल्या माणसांची रांग जिन्यापर्यंत गेली होती. त्यांतले कितीतरी दात वाचण्यासारखे होते. वहिनी वाकून बघायची, मनातल्या मनात काहीतरी म्हणायची आणि इंजेक्शन भरायला सांगायची.

दवाखान्यात दातांचे आणखी एक डॉक्टर होते. त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. ते कायम नोकरीत, वहिनी कंत्राटावर. दरवर्षी करार संपायचा, मग पुन्हा मुलाखत, पुन्हा नवा करार. रजा नाही, पेन्शन नाही, पगार मोठ्या डॉक्टरांच्या निम्म्याहून कमी आणि तोही कधी येईल त्याचा नेम नाही. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर कायम होता, त्याला तिच्यापेक्षा जास्त मिळायचं. तो बिचारा भला माणूस, त्यालाच लाज वाटायची. मोठे डॉक्टर सकाळी येऊन सही करत, काही पेशंट बघत आणि अकराच्या सुमारास त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात जात. तो समोरच्याच रस्त्यावर होता. सामान नाही म्हणून परत पाठवलेले पेशंट रस्ता ओलांडून तिकडेच जात.

एके दिवशी एका शिवणकाम करणाऱ्या मुलीचा पुढचा दात किडला म्हणून ती आली. दात काढा, म्हणाली, आणि काढा म्हणता म्हणता रडायला लागली. वहिनीनं तिला दुसऱ्या दिवशी बोलावलं. संध्याकाळी घरी येताना दातांच्या सामानाच्या दुकानातून स्वतःच्या पैशानं सगळं घेऊन आली आणि मला म्हणाली, "भाऊजी, उद्या कॉम्प्रेसर चालला पाहिजे."

मी सकाळी जाऊन कॉम्प्रेसर उघडला. एक पट्टा तुटला होता, आत उंदरानं वायर खाल्ली होती. बाकी काही नाही. तीन वर्षं तो तेवढ्यासाठी पडून होता. दुपारपर्यंत त्या मुलीचा दात भरून झाला. तिनं मोबाइलमध्ये तोंड बघितलं आणि वहिनीच्या हातावर डोकं टेकलं.

त्यानंतरचे काही महिने आमच्या घरात मजेचे गेले. वहिनी जेवताना बोलायची. कुणाची दाढ वाचली, कुणाची मुळं कशी वाकडी होती, चमच्यानं ताटावर चित्र काढून दाखवायची. आई कानांवर हात ठेवायची, "अगं, जेवू दे की सुखानं!" दादा कुरकुरायचा, कारण सामानाचा खर्च तिच्या पगारातून जात होता आणि घर त्याच्या एकट्याच्या पगारावर चाललं होतं. पण तो उघडपणे काही बोलला नाही. बायको हसताना बघितली की तो विरघळायचा.

बोभाटा व्हायचा तो झाला. समोरच्या रस्त्यावरचे पेशंट कमी झाले आणि मोठ्या डॉक्टरांनी तक्रार केली. तक्रार अशी, की कंत्राटी डॉक्टर बाहेरून सामान आणून सरकारी खुर्चीवर खासगी धंदा करतात, पेशंटकडून पैसे घेतात आणि दिराला आणून सरकारी यंत्रं उघडायला लावतात.

दवाखान्याच्या प्रमुखांनी वहिनीला बोलावलं, मलाही बोलावलं. वहिनी बिनधास्त होती. खरं ते सांगायचं, त्यात काय एवढं, असं ती रस्ताभर म्हणत होती. सामानाच्या पावत्यासुद्धा घेऊन आली होती. प्रमुखांनी त्या हातात घेतल्या नाहीत.

"बाई, तुम्ही एक पैसा घेतला नाही, हे मला माहीत आहे," ते म्हणाले. "शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे."

"मग?"

"पण तुम्ही स्वतःचे पैसे घालता. का घालता, याचं उत्तर मी वर काय देऊ? इथे सामान नाही म्हणून? मी तर सामान पुरेसं आहे म्हणून दरवर्षी कळवतो."

वहिनीनं पावत्या पुन्हा पिशवीत ठेवल्या.

"तुम्ही पैसे घेतले असते ना," ते म्हणाले, "तर सोपं झालं असतं. ताकीद देऊन सोडलं असतं."

बाहेर व्हरांड्यात मोठे डॉक्टर भेटले. मला वाटलं, तोंड चुकवतील. ते उलट जवळ आले. "राग धरू नका. पहिल्या वर्षी मीही आणायचो सामान खिशातून," ते म्हणाले. "तुम्ही लवकर शहाण्या व्हा, एवढंच." आणि घड्याळ बघून निघून गेले.

वहिनीचा करार पुढच्या वर्षी झाला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, आणि कंत्राटी माणसाला ते सांगायची गरजही नसते.

दोन महिने ती घरी होती. आईबरोबर भाजी निवडायची, आपल्या मुलीचा अभ्यास घ्यायची, आणि कुणी हसलं की तिची नजर आधी त्याच्या दातांवर जायची. मग तिला एका खासगी दवाखान्यात नोकरी लागली. एकाच मालकाचे गावोगाव असे दवाखाने होते. काचेचं दार, थंडगार हवा, भिंतीवर मोठ्ठे पांढरेशुभ्र हसणारे चेहरे. दारावरच्या फलकावर वहिनीचा फोटो लावला. आम्ही सगळे तो बघायला गेलो. आई म्हणाली, "फोटोत गोरी दिसतेस गं."

पहिल्या दिवशी ती घरी आली ती खुर्चीबद्दलच बोलत. पायानं बटण दाबलं की वर येते, दाबलं की खाली जाते. वाकावं लागत नाही. दिवा असा की सावलीच पडत नाही. कपाटात सगळं सामान, मागायचीसुद्धा गरज नाही. शेजारीण नवी सून कशी आहे हे सांगते ना, तशी ती खुर्चीचं कौतुक सांगत होती.

तिथला व्यवस्थापक एक तरुण मुलगा होता. आधी तो मोबाइलच्या दुकानात विक्री बघायचा. दररोज सकाळी तो सगळ्या डॉक्टरांना उभं करून काल कुणी किती रकमेचं काम केलं ते फळ्यावर लिहून सांगायचा. पगार सुरुवातीचे तीन महिनेच ठरलेला होता. नंतर कामातला हिस्सा. त्या हिश्श्यातून आधी दात बनवणाऱ्या लॅबचा खर्च जायचा, दातावर बसवलेली कॅप तुटली तर तिचे पैसे जायचे, पेशंटनं हप्ता बुडवला तर तेही जायचे. वहिनीला ताप आला तेव्हा चार दिवस घरी राहिली. त्या चार दिवसांचं शून्य.

"मॅडम, तुम्ही दात भरून सोडून देता," व्यवस्थापक म्हणायचा. "भरून काय मिळतं? कॅप सांगा."

"गरज नसताना?"

"गरज पेशंटला कुठे कळते?"

वहिनी ऐकायची नाही. मग तिच्याकडे पेशंट पाठवणं बंद झालं. ती त्या सुंदर खुर्चीशेजारी नुसती बसून राहायची आणि शेजारच्या खोलीत काम चालू असायचं. एका महिन्यात तिच्या हातात आलं ते सरकारी कंत्राटापेक्षाही कमी होतं. दादा त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवून बोलला. "मी काय जन्मभर एकट्यानं ओढू का? सगळं जग सांगतं कॅप, तू सांगितलीस तर आकाश कोसळेल?"

आकाश कोसळलं नाही. वहिनी कॅप सांगायला लागली. आधी अर्ध्या मनानं, मग सवयीनं. फळ्यावर तिचा आकडा वर चढला. मुलीला सायकल आली, आईच्या गुडघ्याचा इलाज झाला, दादाचा आवाज पुन्हा खाली आला. जेवताना ती दातांबद्दल बोलेनाशी झाली होती, पण हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

त्या दिवसांत तिच्याकडे बँडमधला एक ट्रम्पेट वाजवणारा आला. चाळिशीचा, सडपातळ, कपड्यांना कडक इस्त्री. पुढच्या एका दाताचा टवका उडाला होता आणि बाकीचे थोडे पिवळे पडले होते. दात भरायचं थोडं सिमेंट लावलं असतं तर भागलं असतं. बाहेर व्यवस्थापकानं त्याला पुढच्या चारही दातांना कॅप बसवायचं गळी उतरवलं. पैसे आधी भरले तर सूट. त्यानं बँडमालकाकडून उचल घेऊन पैसे भरले.

खुर्चीत बसल्यावर त्यानं वहिनीला विचारलं, "बाई, एकाच दाताचं दुखणं आहे. चारही घासायला लागतील का? तुम्ही सांगाल तसं. माझ्या आईची दाढ तुम्हीच काढली होती, सरकारीत. तिला काही कळलंसुद्धा नाही, म्हणाली."

वहिनीनं मला हे नंतर सांगितलं. म्हणाली, "भाऊजी, तेव्हा मला नाही म्हणता आलं असतं. बाहेर तो पोरगा काचेतून बघत होता, एवढंच. मी म्हटलं, चारही केले की एकसारखे दिसतील."

तिनं त्याचे चारही दात घासून बारीक केले, माप घेतलं आणि पक्क्या कॅप येईपर्यंत तात्पुरत्या कच्च्या कॅप चिकटवून दिल्या. पुढच्या आठवड्यात या, म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याचं शटर बंद होतं. मालकाचा फोन बंद, व्यवस्थापकाचा फोन बंद. गावोगावचे सगळे दवाखाने एकाच दिवशी बंद झाले होते. वहिनीचे दोन महिन्यांचे पैसेही बुडाले. पण पेशंटना ते काय माहीत? बंद शटरवरच्या फलकावर चेहरा होता तो फक्त तिचा. तासाभरात कुणीतरी घर शोधून काढलं आणि माणसं दारात आली.

कुणाच्या दाताची मुळं साफ करायला घेऊन काम अर्धंच सोडलेलं, कुणाची कवळी बंद दवाखान्यात अडकलेली. सगळ्यांनी पैसे आधीच भरलेले. शिव्या, हातवारे, एकानं तर कुंडी फोडली. आई घाबरून सगळ्यांना पाणी देत सुटली. शिव्या देणारा पाणी पितानाच गप्प व्हायचा आणि पेला परत दिला की पुन्हा सुरू करायचा. वहिनी दारात उभी राहून एकच वाक्य म्हणत होती, "मी तिथे नोकरीला होते हो."

"फोटो तुमचा आहे!" एक बाई ओरडली.

वहिनी वाकून फुटलेल्या कुंडीचे तुकडे गोळा करायला लागली.

ट्रम्पेटवाला सगळ्यांच्या मागे उभा होता. तो ओरडला नाही. गर्दी पांगल्यावर पुढे आला आणि हात उघडून दाखवला. कच्ची कॅप निघून आली होती. वाजवताना निघाली, म्हणाला. वहिनीनं त्याला ओट्याजवळच्या उजेडात बसवून ती पुन्हा चिकटवून दिली.

नंतर ती दात बनवणाऱ्या लॅबमध्ये गेली. मीच स्कूटरवरून घेऊन गेलो. लॅबवाल्यानं मापांचा ढीग दाखवला. "मालकानं माझेच सहा महिन्यांचे दिले नाहीत. मी कशाला बनवू?" वहिनीनं त्या चार कॅपचा खर्च विचारला. घरी येऊन दादापाशी विषय काढला. दादा रागावला नाही, तेच वाईट होतं. शांतपणे म्हणाला, "एकाचं केलंस तर उद्या सगळी रांग दारात. कुणाकुणाचं करणार? आणि बसवणार कुठे, आपल्या ओट्यावर?"

त्याचं चुकत नव्हतं. वहिनीनं पुढे विषय काढला नाही.

पोलिसांत तक्रार झाली. वहिनीचाही जबाब झाला. तिला तीन वेळा बोलावलं, मालकाला एकदाही नाही, कारण तो सापडत नव्हता.

सहा-सात महिन्यांनी सरकारी दवाखान्यात तिचीच जुनी जागा पुन्हा निघाली. या वेळी दवाखाना थेट घेत नव्हता, ठेकेदारामार्फत घेत होता. झाडूवाले, पहारेकरी आणि दातांचे डॉक्टर एकाच ठेकेदाराकडे. पगार पूर्वीपेक्षा कमी, कारण मधला हिस्सा ठेकेदाराचा. बाहेरचं सामान आणणार नाही, असं तिच्याकडून लिहून घेतलं. तिनं वाचलं, सही केली. मोठ्या डॉक्टरांनी "बरं झालं आलात" म्हणून चहा पाजला आणि ते समोरच्या रस्त्यावर निघून गेले. मी लावलेला दिवा चालू होता. कॉम्प्रेसर दुसऱ्या कुठल्याशा विभागानं उचलून नेला होता.

आणि मग एका सकाळी रांगेत ट्रम्पेटवाला आला. वरचा ओठ नाकापर्यंत सुजलेला. कच्च्या कॅप केव्हाच पडल्या होत्या. घासलेले चार खुंट उघडे राहून आतपर्यंत किडले होते. दोन हलत होते, दोन अजून वाचण्यासारखे होते.

त्या दिवशी मी तिथेच होतो. एक्स-रेच्या खोलीतलं बटण जळालं होतं, म्हणून मला या वेळी रीतसर बोलावलं होतं. दार उघडं होतं.

वहिनी त्याला हळू आवाजात म्हणाली, "दोन तरी वाचवू या. मी सामान आणते. उद्या दुपारी या, कुणी नसतं तेव्हा. पैसे लागणार नाहीत."

त्याला नीट बोलता येत नव्हतं. तरी तो सावकाश, एकेक शब्द धरून बोलला. "नको बाई. चारही काढा."

"अहो, वाजवणार कसे मग?"

"आताही कुठे वाजवतोय? चार महिने झाले." तो खुर्चीत मागे टेकला. "वाचवायचं नाव आता नको. काढलेला दात पुन्हा त्रास देत नाही. तुम्हाला काढता छान येतं. आई म्हणायची ना."

तो टोमणा नव्हता. तो मनापासून बोलत होता, आणि ते ऐकून मदतनीस बाईसुद्धा खिडकीकडे बघायला लागली. वहिनीनं आणखी एकदा विचारलं. त्यानं तोंड उघडून ठेवलं. तिनं इंजेक्शन दिलं, ओठ बधिर होईपर्यंत थांबली आणि चारही दात काढले. त्याला काहीच कळलं नाही. कापूस दाताखाली धरून तो उठला, नमस्कार केला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला जागा करून देत बाहेर गेला.

संध्याकाळी वहिनी जेवली नाही. आईनं विचारलं तर म्हणाली, "डोकं दुखतंय." दादा उठून तिच्या पाठीवर हात ठेवायला गेला. ती बाजूला सरकली. त्या दोघांत त्या दिवसापासून जे काही झालं, ते अजून तसंच आहे. भांडण नाही, तंटा नाही. फक्त बोलणं कामापुरतं.

काही दिवसांनी ती मला म्हणाली, "भाऊजी, मला त्या बँडमालकाकडे घेऊन चला."

बँडवाल्यांची खोली बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. खुंट्यांवर लाल कोट टांगलेले, कोपऱ्यात पितळी वाद्यं उपडी ठेवलेली. मालक एक जाडजूड, बोलका माणूस. वहिनीनं सांगितलं, ट्रम्पेटवाल्याला कामावरून काढू नका, दात गेले ही त्याची चूक नाही.

"काढतोय कोण?" मालक म्हणाला. "मोठा ढोल दिलाय त्याला. ढोलाला दात लागत नाहीत. मिळतं मात्र निम्मं, ते काय माझ्या हातात नाही. ट्रम्पेटवाल्याचा मान वेगळा, ढोलवाल्याचा वेगळा. उचलही फेडायचीय त्याला." आणि मग त्याच्या ध्यानात आलं. "तुम्ही दातांच्या डॉक्टर ना? जरा बघता का, इथे मागे थंड लागलं की कळ जाते."

वहिनीनं त्याला दाराशी उजेडात उभं केलं. टाचा उंचावून, मान वाकडी करून आत बघितलं.

"दाढ किडलीय. पण वरवर आहे. भरली तर टिकेल पुष्कळ वर्षं."

"म्हणजे काढायला नको?"

"छे, मुळीच नको. भरून घ्या लवकर."

"घेतो की," मालक खुशीत म्हणाला. "कुठे जाऊ?"

वहिनीच्या दवाखान्यात सामान नव्हतं. समोरच्या रस्त्यावर तिला कुणाला पाठवायचं नव्हतं. बाजारात काचेच्या दाराचे आणखी दोन दवाखाने निघाले होते, त्यांतल्या एकाचा व्यवस्थापक तोच मोबाइलवाला मुलगा होता आणि त्यानं गेल्याच आठवड्यात तिला फोन करून नोकरी देऊ केली होती.

मालक वाट बघत होता. वहिनी खुंटीवरच्या कोटांकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "तूर्तास मिठाच्या पाण्यानं चुळा भरा."

"बस्स?"

"बस्स," वहिनी म्हणाली आणि माझ्याआधी गल्लीत उतरली.